डावीकडची जागा

रत्नागिरी,
शुक्रवार, दुपार

प्रिय नम्रता,

तुझं नाव नम्रता ठेवायचं हा तुझ्या बाबांचा हट्ट होता. मी तेव्हाच म्हटलं होतं, नावाने काही होत नाही. मंगळवारचा तुझा आवाजी निरोप ऐकला आणि माझंच खरं ठरलं. "आई, पुरे आता. तुझे रिफ्लेक्सेस गेलेत. कोणाचा तरी जीव घेशील. रविवारी ओमकार येईल, त्याला किल्ल्या दे आणि विषय संपव." मिशिगनमध्ये बसून इतकं सगळं तू एका दमात बोललीस. मी तेव्हा तांदळाच्या भाकऱ्या थापत होते. हात पिठाचे, म्हणून फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला होता. त्यामुळे पडवीत झोपाळ्यावर बसलेल्या बाबांनीही अक्षरन् अक्षर ऐकलं. ते उठून आत आले आणि म्हणाले, "मॅडम, मनाला लावून घेऊ नका. पोरगी काळजीपोटी बोलते." मी मान हलवली आणि भाकरी उलटली. तुझ्या आईने ऐकून घेतलं आणि उलट उत्तर दिलं नाही, ही या घरातली ताजी बातमी आहे. तिचं तुला नवल वाटायला हवं होतं.

पत्र का, असं विचारशील. फोनवर बोलण्यासारखं नाही म्हणून. बाकीचं ओघात येईल. बाबा शेजारीच बसलेत, हातात पेपर. मघाशी विचारलं, "कोणाला लिहिताय?" मी म्हटलं, बांधकाम खात्याला, रस्त्याच्या साइडपट्टीबद्दल. त्यांचा तत्काळ विश्वास बसला. "कडक लिहा," म्हणाले. निवृत्त झाल्यापासून मी त्या खात्याला इतकी पत्रं लिहिली आहेत की तिथला शिपाईसुद्धा माझं अक्षर ओळखत असेल. साइडपट्टी अजून तशीच आहे, डांबर संपलं की एकदम वीतभर खाली. पण ते असो.

आधी ओमकारचं बघू, कारण माझ्याविरुद्धचा तुझा एकमेव साक्षीदार तो. माझा सख्खा भाचा, त्याला मी पाढे शिकवले, आता तो मला गाडी शिकवणार. पावसाळ्याआधी त्याच्याबरोबर सावर्ड्याला गेले होते. रस्ता चौपदरी झाला, मधे दुभाजक आला, आता पलीकडच्या पेट्रोल पंपावर जायचं तर पुढे जाऊन वळून यावं लागतं. या गृहस्थाने सरळ उलट्या बाजूने गाडी घातली. समोरून ट्रक येतायत, हा त्यांना दिवे दाखवतोय, आणि बाजूला होतायत ते ट्रकवाले. मी म्हटलं, "अरे, ही आपली बाजू नव्हे." तर म्हणतो, "आत्या, सगळे इकडूनच जातात. नियमाने गेलं तर लोक दचकतात." या दिव्य पुरुषाच्या सांगण्यावरून तू मला दोषी ठरवलंस.

आणि तुझ्याबद्दल न बोललेलं बरं, पण बोलते. मागच्या खेपेला मोठ्या हौसेने चाक हातात घेतलंस आणि साळवी स्टॉपपाशी वळताना उजवी बाजू धरून लाल एसटीच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिलीस. ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली आणि अगदी शांतपणे सांगितलं, "ताई, अमेरिका मागं राहिली. हिकडं या, डावीकडं." अख्खी एसटी हसली. बाबा तर डोळे पुसेपर्यंत हसले. मी तेव्हा तुझ्या रिफ्लेक्सेसबद्दल चकार शब्द काढला नाही. सवय आहे, म्हटलं, हात चुकतो. तुझी ती सवय गाडीत बसतानाही दिसते. दर खेपेला स्टेशनवर उतरलीस की पुढचं डावं दार उघडतेस, तिथे चाक असेल म्हणून, आणि आत बाबा बसलेले. "मागे व्हा, मिशिगनकर. ही माझी खुर्ची आहे." दर वेळी तेच, आणि दर वेळी तुम्ही दोघं नव्याने हसता. ही खुर्ची लक्षात ठेव.

डावी बाजू मला ड्रायव्हिंग स्कूलने शिकवली नाही, सिस्टर बेनेडिक्टांनी शिकवली. कॉन्व्हेंटचा जिना अरुंद. घंटा झाली की वरच्या मुली खाली आणि खालच्या वर, आणि मधल्या वळणावर हातात पट्टी घेऊन सिस्टर उभ्या. "कीप लेफ्ट, गर्ल्स!" त्यांचं म्हणणं असं की डावीकडून चालणारीला कोणाची माफी मागावी लागत नाही. मी ते आयुष्यभर पाळलं. माफी मागायची मला सवयच लागली नाही, हे तुझे बाबा तुला सांगतील.

पुढे विस्तार अधिकारी म्हणून मंडणगडला माझी बदली झाली, तेव्हा तू दुसरीत होतीस. शाळा सगळ्या डोंगरावर विखुरलेल्या. सकाळची एसटी चुकली की शाळा तपासणी राहिली, संध्याकाळची चुकली की मुक्काम. मी कंटाळून जुनी मारुती घेतली. शिकवणारा म्हणाला, "बाई, मैदानावर ठीक आहे. घाट हे बाईमाणसाचं काम नव्हे." त्याच आठवड्यात मी त्याला शेजारी बसवून घाट चढले. दाराची कडी त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. बाबांनीही एकदा चाक हातात घेऊन बघितलं, आपल्याच आवाराची चिऱ्याची भिंत पाडली, खाली उतरून पडलेले चिरे नीट रचून ठेवले आणि जाहीर केलं, "मी मोजणीचा माणूस. मला बाजूला बसवा."

आणि तिथे त्यांना त्यांचं काम सापडलं. तू तिकडे रुंद रस्त्यांवर फिरतेस, तुला आता हे आठवणार नाही. आपल्याकडे चाक उजवीकडे, त्यामुळे उजवी कड मला दिसते. डावी कड दिसत नाही, आणि सगळं काही असतं ते डावीकडेच. गटार, दरड, दगडी गडगा, सायकल, गुरं, माणसं. समोरून गाडी आली की दोघांतल्या एकाला डांबर सोडून खाली उतरावं लागतं. ट्रकवाल्यांकडे त्यासाठी क्लीनर असतो, दारावर थापा मारणारा. माझ्याकडे भूमी अभिलेख खात्यातला सर्व्हेअर होता. खिडकीतून मान बाहेर काढून सांगायचे, "येऊ द्या मॅडम, वीतभर आहे. येऊ द्या. चार बोटं. दोन. बास!" दोन बोटं म्हणजे दोनच बोटं. सुरुवातीला मी एकदा खाली उतरून बघितलं होतं, खोटं कशाला सांगू. त्यानंतर कधी बघितलं नाही. डावा आरसा त्यांनी कायमचा मिटून टाकला. "फांद्यांना घासतो. मी आहे ना आरसा." उजवी बाजू माझी, डावी त्यांची. आमच्या संसारात इतकी स्वच्छ वाटणी दुसरी कुठलीच झाली नाही.

ती जागा त्यांनी कोणाला दिली नाही. एकदा आमचे मोठे साहेब सहज पुढचं दार उघडायला लागले, तर म्हणाले, "साहेब, आपण मागे आरामात बसा. इथे काम असतं." साहेब मागे जाऊन बसले. बाबा उठायचे ते फक्त तुझ्यासाठी. लहानपणी तुला गाडी लागायची. मागून तुझा रडवेला आवाज यायचा, "बाबा, मला गाडी लागते," की मला थांबायला लावून ते उतरायचे, तुला पुढे बसवायचे, काच खाली करून द्यायचे आणि स्वतः मागे बसून दोन सीटच्या मधून मान घालायचे. तिथूनही बोटं मोजायचे. एवढं एक सोडलं तर डावीकडची ती जागा म्हणजे त्यांची कचेरी. सरकारी कचेरीतून ते निवृत्त झाले, या कचेरीतून झाले नाहीत.

आता घरच्या बातम्या. मार्चमधला झटका तुला माहीत आहे. तोंड वाकडं नाही, वाचा शाबूत, पाय चालते. तू व्हिडिओवर बघून म्हणालीस, बाबा तर फर्स्ट क्लास. मीही सगळ्यांना तेच सांगत होते. पण घरी आल्यापासून आमचे खटके उडायला लागले. त्यांना माझ्या हातची चटणी आवडेनाशी झाली. पानाची डावी बाजू जशीच्या तशी टाकून उठायला लागले. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, सगळं वाढलं तिथेच. मी म्हणायची, आवडत नसेल तर तोंडाने सांगा. ते म्हणायचे, "वाढलंत कुठे?" मला वाटायचं चेष्टा करतायत. मग दाढी. उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्या गालावर खुंट. मी म्हटलं, पेन्शन इतकीही कमी नाही की साबण अर्ध्या तोंडाला पुरवावा. मग पेपर. एक दिवस म्हणाले, हल्ली मथळ्यांना काही अर्थच नसतो. मी म्हटलं, चला, खूप दिवसांनी एकमत झालं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. तुला माझी जीभ माहीत आहे.

दसरा झाल्यावर हेदवीला निघालो. बाबांचे जुने जोडीदार भिवाकाका, ज्यांनी त्यांच्याबरोबर उन्हातान्हात मोजणीच्या साखळ्या ओढल्या, त्यांच्या नातीचा साखरपुडा. जयगडहून फेरीबोटीत गाडी चढवली, तवसाळला उतरवली. बोटीवर चढवतानाही बाबांनी बोटं मोजली, ती बरोबर निघाली. आता विचार करते तर तिथे त्यांच्या बाजूला मोकळं पाणीच होतं. कठड्यापासून लांब राहायला मला बोटीवरचा माणूस सांगत होता.

तवसाळच्या पुढे रस्ता अरुंद, दोन्हीकडे गडगे. समोरून एसटी आली. एसटीने जमेल तेवढी बाजू घेतली, मी जमेल तेवढी घेतली, आणि आम्ही मुंगीच्या चालीने पुढे सरकायला लागलो. माझे डोळे उजव्या आरशावर. एसटीचा पत्रा आणि आपला आरसा यांच्यात कागद सरकेल एवढीच फट. डावीकडून आवाज येत होता, नेहमीचा, ठाम. "येऊ द्या मॅडम. येऊ द्या. हातभर आहे." मी येऊ दिलं. आणि कोणीतरी किंचाळलं.

गडग्याला माणूस जाण्यापुरती वाट ठेवतात, तिथून एक बाई बाहेर पडली होती. डोक्यावर तवशांची टोपली, त्या जून मोठ्या काकड्या. गाडी आपल्याकडे सरकतेय बघून ती गडग्याला चिकटली, टोपली पुढे धरली, आणि गाडी आणि गडगा यांच्यामध्ये तिचा हात सापडला. मनगट मोडलं. तेवढ्यावर निभावलं हे तिचं नशीब आणि माझं. तिचं नाव सुंदराबाई, वय माझ्याएवढंच असेल. तवशी रस्त्यावर घरंगळत एसटीच्या चाकापर्यंत गेली होती. लोक जमले. एक जण म्हणाला, "दिसत न्हाय तर चालवता कशाला?" मी माझ्या ओढणीची झोळी करून तिचा हात गळ्यात बांधला, तिला आपल्याच गाडीत घालून दवाखान्यात नेलं, आणि पोलिसांना सांगितलं, चाक माझ्या हातात होतं, चूक माझी. त्याबद्दल मला आजही दुमत नाही. जी काय केस होईल ती होईल. तिचा मुलगा दर्शन मुंबईहून धावत आला, मला नको नको ते बोलला. मी ऐकून घेतलं. तो त्याचा हक्क होता. तुझा नव्हता.

आठवडा गेल्यावर मी एकटीच एसटीने सुंदराबाईला भेटायला गेले. बाबांना सांगितलं, पेन्शनरांची सभा आहे. तिने मला ओटीवर बसवलं, प्लास्टरच्या हाताने गूळपाणी द्यायला लागली, मी ते काढून घेतलं. मी माफी मागितली. सिस्टर बेनेडिक्टांना वर ऐकू गेलं असेल. तर ती म्हणाली, "तुमच्यावर माजा राग न्हाय गो बाय. तुमी हिकडं बघतच नव्हता. पन तुमचं मालक माज्याकडं बघत व्हतं. सरळ माज्या तोंडाकडं. मी म्हटलं, ह्यानं बघितलान, आता थांबवील. तर हात हलवून 'येऊ द्या' म्हनतोय. असा कसा ओ मानूस?"

परतीच्या एसटीत तेवढं एकच वाक्य माझ्या डोक्यात. नम्रता, तुझ्या बाबांचे दोष मला तोंडपाठ आहेत, क्रमाने सांगू शकते. पण माणूस दिसत असताना "येऊ द्या" म्हणणारा तो माणूस नव्हे. मुंगळ्यासाठी साखळी बाजूला घ्यायचे.

घरी आले, पान वाढलं, समोर बसले. ते जेवले. भात गेला, आमटी गेली, उजवीकडची भाजी गेली. डावी बाजू तशीच. हात धुवायला उठणार इतक्यात मी ताट धरलं आणि गोल फिरवलं. चटणी उजवीकडे आली. बाबांचा चेहरा एकदम खुलला. "अरे वा मॅडम! चटणी! किती महिन्यांनी केलीत." आणि बोटाने पुसून पुसून खाल्ली. मी आत गेले आणि मोरीचा नळ सोडून उभी राहिले.

मग डॉक्टर. तरुण मुलगा आहे, नीट बोलतो. त्याने कोऱ्या कागदावर आडवी रेघ ओढली आणि बाबांना म्हणाला, "काका, हिचा मध्य दाखवा." अगं, या माणसाने जन्मभर दुसरं काय केलं? भावाभावांनी कोयते उगारलेले असताना मधे उभं राहून जमिनीचा मध्य काढून दिला, आणि दोघांनीही तो मानला. त्यांनी पेन घेतलं, एक डोळा मिटला, नेहमीसारखा, आणि रेघेच्या उजव्या टोकाजवळ खूण केली. मग डॉक्टरकडे अशा नजरेने बघितलं की, काहीतरी अवघड विचारा.

डॉक्टर म्हणाला, डोळ्यांना काही झालेलं नाही. मेंदूने डावी बाजू खात्यातून काढून टाकली आहे. त्यांना डावीकडे काळोख दिसत नाही की धूसर दिसत नाही. त्यांच्या लेखी डावीकडे काही नसतंच. म्हणून आपल्याला काही कमी आहे हेही त्यांना कळत नाही. सुधारेल, पण हळूहळू, आणि पूर्ण सुधारेलच असं नाही. त्यांच्या डावीकडे बसा, डावीकडून बोला, वस्तू डावीकडे ठेवून शोधायला लावा. आणि गाडीत त्यांच्या भरवशावर राहू नका. हे सगळं त्याने त्यांनाही सांगितलं, अगदी सोपं करून. बाबांनी मान डोलावत ऐकलं, आभार मानले, आणि पायऱ्या उतरताना मला म्हणाले, "मुलगा हुशार आहे. पण कागद तिरका धरला होता."

तर असं आहे. त्यांच्या लेखी हेदवीच्या रस्त्यावर अंदाज चुकला तो माझा. त्यांनी हातभर सांगितलं होतं, मीच गाडी जास्त घेतली. आणि त्याबद्दल ते मला एका शब्दाने टोचत नाहीत. इतक्या वर्षांत मी त्यांची एक चूक सोडली नाही, आणि हा माणूस मला जपतोय. सुंदराबाईचं नाव निघालं की विषय बदलतो. काल माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "वय झालं मॅडम. चुकतं एखाद्या वेळी. घाबरू नका, मी आहे ना डावीकडे." एका गुणासाठी सिस्टर बेनेडिक्टांशी वाद घालणारी मी. मी म्हटलं, "हो."

मी त्यांना बॅटरी उतरल्याचं सांगून गाडी शेडमध्ये ठेवली आहे. ते रोज सकाळी जाऊन पुढची काच पुसतात. अर्धीच पुसली जाते, उरलेली मी नंतर पुसते. पण बॅटरीची थाप फार टिकणार नाही, परवा ते मेकॅनिकला फोन लावायला निघाले होते. मी किल्लीला हात लावला की ते आधी जाऊन बसतात. मी एकदा बोलून बघितलं, आज मागे बसा, पाय लांब करा. त्यांना राग आला नाही, फक्त आश्चर्य वाटलं. "मग डावीकडचं कोण सांगणार?" गाडी विकायचं तू म्हणतेस. पत्र्याच्या डब्याचं मला काही नाही. पण गाडी गेली की ते दिवसभर झोपाळ्यावर बसतील आणि त्यांना कोणी काही विचारणार नाही. आजवर त्यांना दिवसातून एकदा तरी कोणीतरी विचारत होतं, किती जागा आहे, आणि ते सांगत होते, आणि त्यावर कोणीतरी विश्वास टाकत होतं. ते काढून घेताना कारण काय सांगू? कारण सांगायला गेलं तर त्यांना कळत नाही. आणि समजा एखाद्या दिवशी कळलं, तर त्याच दिवशी त्यांना सुंदराबाईचं मनगटही कळेल. तो दिवस मला नको आहे. तोपर्यंत माझे रिफ्लेक्सेस गेलेत असं गावभर झालं तरी चालेल. पण माझ्या पोटच्या पोरीला खरं माहीत असावं, एवढा हट्ट माझा आहे. आणि हे फोनवर कसं सांगणार, तो माणूस सतत माझ्या उजव्या हाताला बसलेला असताना?

तेव्हा आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते सांगते. पहिलं म्हणजे ओमकारला सांग, रविवारी यायचं नाही. हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत रविवार होऊन गेलेला असेल, पण तो दारात आला तरी त्याला चहा मिळेल, किल्ल्या मिळणार नाहीत. दुसरं, डिसेंबरात येणार आहेस ती ये, आणि जमेल तेवढे दिवस राहा. स्टेशनवर मी गाडी घेऊन येईन. घरापासून स्टेशनपर्यंतच्या रस्त्यावर मी डावा आरसा उघडा ठेवीन आणि बाबांचा एक शब्दही ऐकणार नाही, तेवढं मला जमेल. त्यापुढचं तू करायचंस. नेहमीसारखं डावं दार उघड. ते म्हणतील, मागे व्हा, मिशिगनकर. तू हसू नकोस. तू मागे जाऊ नकोस. खोटं बोलायला मी तुला कधी शिकवलं नाही, आज शिकवते. लहानपणी बोलायचीस त्याच आवाजात म्हण, "बाबा, मला गाडी लागते." ते उठतील. तुझ्यासाठी ते नेहमी उठले आहेत. त्यांना माझ्या पाठीमागे बसव, म्हणजे तू त्यांच्या डावीकडे येशील, आणि सारखी त्यांच्याशी बोलत राहा. तू परत गेलीस तरी मी म्हणेन, राहू दे, ती जागा नमूची आहे. आणि गाडी सुरू झाली की काच खाली कर, मान बाहेर काढ, आणि मला डावीकडचं सांगायला लाग. बोटांत सांग. मला दुसरं माप समजत नाही.

तुझीच,
अजून लायसन्स असलेली
आई